घरकुल मंजूर, पण जागा कुणाची?



रायगड जिल्ह्यातल्या कातकरी वाड्यांवरील आपल्या कामासाठी आपण प्रार्थना करता, दान देता. "सरकार घराला पैसे देते, मग हे लोक अजून कुडाच्या झोपडीत का?" असे मंडळीतल्या अनेकांनी मला विचारले आहे. त्याचे उत्तर आज देतो.

कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड या महाराष्ट्रातल्या तीन आदिम जमाती. नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम-जनमन योजनेत त्यांच्या पक्क्या घरासाठी २ लाख रुपये मंजूर होतात. शिवाय शौचालयासाठी १२,००० रुपये आणि रोजगार हमीतून सुमारे ९० दिवसांची मजुरी धरलेली असते. पैसे कुटुंबाच्या बँक खात्यात हप्त्यांनी जमा होतात. पाया झाला, भिंती झाल्या, की जागेवरून फोटो काढला जातो. मग पुढचा हप्ता सुटतो.

पहिली अडचण जमिनीची. कितीतरी वाड्या दुसऱ्याच्या खाजगी जमिनीवर आहेत. शेतावर राबायला माणसे हवीत म्हणून मालकाने आजोबा-पणजोबांना तिथे वसवले, पण सातबारावर त्यांचे नाव कधी लागले नाही. आता मुंबईजवळच्या जमिनीला भाव आला आहे आणि वाडी उठवण्याची भाषा सुरू होते. अशा जागेवर घरकुल बांधायचे कसे?

यासाठी राज्य शासनाची पंडित दीनदयाळ उपाध्याय घरकुल जागा खरेदी अर्थसहाय्य योजना आहे. घरकुलास पात्र पण भूमिहीन कुटुंबाला ५०० चौरस फुटांपर्यंत जागा घेण्यासाठी पूर्वी ५०,००० रुपयांपर्यंत मदत मिळे. आता ती मर्यादा १ लाख आहे. अर्ज ग्रामपंचायतीमार्फत पंचायत समितीकडे जातो. इतका लहान तुकडा विकत घेताना तुकडेबंदी कायदा आड येतो. घरकुलासाठी त्यात सवलत आहे, पण जिल्हाधिकाऱ्यांची मंजुरी लागते. हे कागद फिरवायला आठवडे जातात आणि प्रत्येक खेपेला एका दिवसाची मजुरी बुडते.

दुसरी अडचण उचलीची. पावसाळ्यात घरात दाणा नसतो, तेव्हा वीटभट्टीच्या मालकाकडून उचल घेतली जाते. दिवाळीनंतर सारे कुटुंब भट्टीवर जाते, ते पावसाच्या तोंडावर परतते. घर बांधायचे दिवसही नेमके तेच. गेल्या वर्षी एका मावशींच्या घराचा पाया झाला आणि त्या भट्टीवर गेल्या. काम थांबले, फोटो नाही, हप्ता नाही. मी भेटायला गेलो तेव्हा त्या म्हणाल्या, "भट्टी सोडून आले तर उचल कोण फेडील, दादा?" तो पाया पावसाळाभर गवतात उभा होता.

म्हणून आम्ही दोन गोष्टी करतो. जातीचा दाखला, आधार, बँक पासबुक यांवर नाव एकसारखे आहे ना ते पाहतो आणि कुटुंबासोबत पंचायत समितीत जातो. तसेच बांधकामासाठी घरातले एक माणूस मागे राहिले, तर त्याला दोन महिन्यांचे धान्य देतो. कुणाचाही धर्म विचारत नाही. रोख रक्कम देत नाही, आणि मंजुरीसाठी कुणी पैसे मागितले तर ते देऊ नका असे प्रत्येक वाडीवर सांगतो.

आपल्या मंडळीत बँकेतून, तलाठी कार्यालयातून, शाळेतून निवृत्त झालेले बरेच जण आहेत. महिन्यातून एक दिवस आमच्याबरोबर या. अर्ज नीट भरून, पोच घेऊन आलेले माणूस वाडीला मोठा आधार वाटते.

यंदा त्या मावशींचे यजमान भट्टीवर गेलेले नाहीत. भिंती खिडकीपर्यंत आल्या आहेत. पावसाआधी छप्पर चढावे म्हणून प्रार्थना करा.

आपला सेवेतील बंधू