दोर सुटल्यानंतरची पाच मिनिटे

पुण्यात हडपसरला नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे ग्लायडिंग केंद्र आहे. तिथले लांब पंखांचे, बिनआवाजाचे विमान सोलापूर रस्त्याने जाता-येता पुष्कळांनी पाहिले असेल. त्याला इंजिन नसते. धावपट्टीच्या दुसऱ्या टोकाला असलेले विंच हे यंत्र लांब दोर वेगाने गुंडाळते आणि पतंग चढावा तसे ग्लायडर साधारण ३०० मीटरवर पोचते. दोर सुटला की शांत हवेत ते सेकंदाला सुमारे १ मीटर खाली येत राहते. म्हणजे हिशेब पाच मिनिटांचा. त्यापुढचा प्रत्येक मिनिट हवेकडून मिळवावा लागतो.

ऊन हवेला थेट फारसे तापवत नाही. ते जमिनीला तापवते आणि जमीन हवेला. नांगरलेले कोरडे रान लवकर तापते. पाणी दिलेला ऊस उशिरा, कारण त्याच्या वाट्याचे बरेचसे ऊन पाण्याची वाफ करण्यात खर्ची पडते. तापलेल्या तुकड्यावरची हवा हलकी होऊन वर निघते, तोच थर्मल. वावटळ म्हणजे धुळीमुळे दिसू लागलेले त्याचे पाऊल. ही हवा दर किलोमीटरला सुमारे १० अंशांनी थंड होत जाते आणि तिच्यातल्या बाष्पाचे पाणी होऊ लागले की ढग बनतो. ढगाचा तळ काढायचे गणित सोपे आहे : जमिनीवरच्या तापमानातून दवबिंदू वजा करा, १२५ ने गुणा, उंची मीटरमध्ये मिळते.

मान्सून परतल्यानंतरचा एक आठवडा नमुन्यादाखल घेऊ. सोमवारी तापमान २८, दवबिंदू २१. तळ ८७५ मीटर. रान ओले, थर्मल दुबळे आणि उशिरा उठणारे. बुधवारी ३१ आणि १८, तळ १६२५. शुक्रवारी ३३ आणि १५. तळ २२५०, आणि दुपारभर कापसाच्या पुंजक्यांसारखे ढग. शनिवारी हवा इतकी कोरडी की ढगच नाहीत. थर्मल असतात, पण खूण उरते ती घारीची; पंख न हलवता ती जिथे चढते तिथे वैमानिकाने जावे. रविवारी बंगालच्या उपसागरातल्या कमी दाबामुळे उंचावर ढगांचा पडदा येतो, ऊन मंदावते आणि सगळे थांबते. नवशिक्यांना मात्र हाच दिवस सोयीचा. हवा शांत असली की उतरण्याचा सराव नीट होतो.

आता खालची जमीनच बदलली आहे. मगरपट्ट्यात उसाच्या जागी शेतकऱ्यांनीच एकत्र येऊन नगर उभारले. भोवती इतर वसाहती वाढल्या. पत्रे आणि काँक्रीट चांगले तापतात, त्यामुळे थर्मलची उणीव नाही. उणीव आहे ती जागेची. दूरच्या उड्डाणात थर्मल सापडला नाही तर ग्लायडर एखाद्या मोकळ्या रानात उतरवावे लागते, आणि आता धावपट्टीच्या जवळपास तसे रान शोधूनही मिळणे कठीण.

शुक्रवारसारख्या दुपारी ढगांची रांग यवत-दौंडकडे बोलावत असते. ६०० मीटरवरून पंचविसास एक या उताराने शांत हवेत १५ किलोमीटर जाता येते. समोरून वारा असला की त्याहून कमी. वैमानिक ढगाकडे पाहतो, मग मागे धावपट्टीकडे, आणि बहुधा तिथूनच वळतो.