जुना लॅपटॉप, नवी विंडोज

मुलांच्या शिक्षणासाठी पोटाला चिमटा काढून घेतलेला लॅपटॉप आपल्या अनेक घरांत आता जुना झाला आहे. त्यातली विंडोज १० चालते आहे, पण १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने तिच्या नेहमीच्या सुरक्षा-दुरुस्त्या थांबवल्या. अशा मशीनवर बँकेचे व्यवहार करणे धोक्याचे.

दुकानदार म्हणेल, नवाच घ्या. आम्ही म्हणतो, आधी प्रोसेसर बघा. इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा हवा; नाहीतर विंडोज ११ रीतसर बसत नाही. ४ जीबी रॅम कागदोपत्री पुरते, प्रत्यक्षात मशीन रखडते. रॅम ८ जीबी केली आणि हार्ड डिस्क काढून एसएसडी टाकली, की तेच मशीन पळू लागते. हा खर्च नव्या लॅपटॉपच्या मानाने थोडाच.

विंडोज ११ बसतच नसेल, तर लिनक्स मिंट मोफत मिळते. ब्राउझरमधले अर्ज, मराठी टंकलेखन तिच्यावर होते. टॅली शिकणाऱ्या मुलीची मात्र अडचण होईल.

काहीही करण्याआधी दाखले, गुणपत्रिका, घरचे फोटो पेनड्राइव्हवर उतरवा. डिस्क कोरी करून नवी प्रणाली टाकली तर जुने सगळे पुसले जाते, आणि दाखल्यासाठी पुन्हा कचेरीच्या फेऱ्या आपल्यालाच माराव्या लागतात.