अडतीस

एका दिवाळी अंकाच्या कचेरीत जुनी कपाटं आवरताना पिवळ्या पडलेल्या पाकिटातून पोस्टकार्डाएवढी फिल्म निघाली. खिडकीसमोर धरली, तर जांभळी नऊवारी आणि हातात निरांजन. मुखपृष्ठाची ट्रान्स्परन्सी. हिची निगेटिव्ह कुठे असेल, असं विचारलं तर अंकाची मांडणी करणारे आजोबा हसले. "निगेटिव्ह नसतेच हिला. कॅमेऱ्यात होती ती हीच."

त्या वाक्यापायी मी पुण्यात काकांच्या बाथरूममध्ये जाऊन पोचलो. काका मुंबईच्या लॅबमध्ये जाहिरातवाल्यांच्या ट्रान्स्परन्सी धुवायचे. लॅब बंद पडली, काका निवृत्त झाले, पण वर्षातून दोन-तीनदा चार बाय पाच इंची शीट फिल्म घरीच धुतात. फिल्म परदेशातून मागवायची. कोडॅकने २०१२ मध्ये एक्टाक्रोम ही ट्रान्स्परन्सीची फिल्म बंद केली आणि २०१८ मध्ये पुन्हा आणली, हे काका घरातल्या लग्नाची तारीख सांगावी तसं सांगतात.

जानेवारीतली पहाट. फरशीवर तांब्याचं घंगाळ, त्यात केमिकलच्या तपकिरी बाटल्या मानेपर्यंत बुडवलेल्या. "३८," काका म्हणाले. "पाव डिग्री इकडेतिकडे चालेल. अर्धी नाही." थर्मामीटर ३६ दाखवत होता. तांब्याभर कढत पाणी ओतलं, ३९ झालं. पुन्हा गार. अर्धा तास हेच. मत्स्यालयाचा हीटर लावून बघितला होता, पण तो ३४ च्या वर जाईना, म्हणून काकांनी काढून टाकला.

मग दिवा गेला. रंगीत फिल्मला लाल दिवाही चालत नाही. दाराच्या फटीत टॉवेल, खिडकीला काळं कापड. काळोखात पाकीट फाटल्याचा आवाज आला. काकांनी माझा हात धरून बोट शीटच्या कडेवर टेकवलं. कडेला बारीक खाचा होत्या. "फिल्म उभी धर. खाच वर उजव्या कोपऱ्यात आली की मसाला तुझ्याकडे." फिल्मवरच्या रसायनाच्या थराला ते मसाला म्हणतात. त्या खाचांवरूनच फिल्म कुठली तेही कळतं, कारण प्रत्येक जातीची खाच वेगळी. चार शीट रिळाच्या खोबणीत सरकल्या. चौथीला काका जरा अडखळले, तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटले. ड्रमचं झाकण लागलं आणि दिवा आला.

पहिला डेव्हलपर, साडेसहा मिनिटं. काका ड्रम रोलरवर हाताने फिरवत राहतात, पोळी लाटल्यासारखा, एका लयीत. या वेळात फिल्मवर चक्क कृष्णधवल निगेटिव्ह तयार होते. जिथे उजेड पडला तिथली चांदी काळी होते. दुसरा, रंगाचा डेव्हलपर उरलेल्या, उजेड न लागलेल्या भागाला धरतो, आणि पिवळा, किरमिजी, निळा तिथे उमटतात. शेवटी सगळी चांदी विरघळून जाते. म्हणजे चित्रात आपल्याला दिसतं ते पहिल्याने सोडून दिलेलं. हे ऐकल्यापासून माझं लक्ष ड्रमवरून हलेना.

तिसरं ब्लिक्स, ही चांदी विरघळवणारं, रक्तचंदन उगाळल्यासारखं लालतपकिरी. ड्रमचं झाकण उघडलं तसा अमोनिया आणि जळक्या काडेपेटीचा वास नाकात चढला. तो पुढे दोन दिवस माझ्या स्वेटरला होता. मला खरं तर हा सगळा खटाटोप जरा अतीच वाटत होता. गच्चीवर काढलेल्या चार चित्रांसाठी एक पहाट, एक बाथरूम आणि दाराबाहेर तीनदा येऊन गेलेल्या काकू. मोबाइलमध्ये याच गच्चीचे शंभर फोटो असतील.

धुवून काढलेली पहिली शीट दुधट, निळसर दिसली. फसली, असं मला वाटलं. "ओली आहे अजून," काका म्हणाले. दोरीवर चिमट्याने टांगली. पंखा नाही लावायचा, धूळ बसते. तासाभराने दूध उतरलं आणि गच्चीवर वाळत घातलेल्या मिरच्या आल्या. भिंगातून पाहिलं तर एकेका मिरचीचं देठ वेगळं, एका देठावर मुंगी. मघाचं अतीच वाटणं मी मनातल्या मनात मागे घेतलं. सगळं नाही.

चौथ्या शीटवर कोपऱ्यात काळा डाग होता. खोबणीत ती तिसरीला चिकटली होती, पहिला डेव्हलपर तिथे पोचलाच नाही.

"पहिल्याने सोडलं ते दुसऱ्याने काळं केलं," मी म्हणालो.

"हं." काकांनी शीट उन्हात धरली, डागावर अंगठा ठेवून बाकीचं चित्र पाहिलं, मग अंगठा काढला. लॅबमध्ये असं झालं तर काय करायचे, विचारलं. "फोटोग्राफरला फोन. मॉडेल पुन्हा बोलवा. एकदा एका साबणाच्या जाहिरातीचं बाळ पुन्हा बोलवलं, तर तोवर त्याला दात आला होता."

दारावर पुन्हा थाप पडली. काकूंनी आत डोकावून घंगाळाकडे पाहिलं.

"झालं का? पाणी कोमट आहे ना अजून?"

काकांनी थर्मामीटर बुडवला. "३५."

"मग ओतू नका. नातीचा लोकरीचा स्वेटर भिजवायचाय."