आधी आकडा वाचा, मग झाकण उघडा
(ऊस विकास विभागाकडून)



आपल्याकडची पुष्कळ मुले मुंबईत साकीनाक्याला कामाला आहेत. एका गाळ्यात रंगकाम, शेजारी वेल्डिंग, अशी तिथली दाटी. तिथल्याच खैरानी रोडवर 18 डिसेंबर 2017 च्या पहाटे फरसाणाच्या दुकानाला आग लागून 12 कामगारांचे प्राण गेले. तळणाच्या तेलाला पेटण्याजोगी वाफ सोडायला साधारण 300 अंश सेल्सिअस उष्णता लागते. थिनर, टोल्यूइन, ॲसिटोन या सॉल्व्हंटना मात्र खोलीतली साधी हवाच पुरते. म्हणून हे चार शब्द.

पेटतो तो द्रव नव्हे, त्याची वाफ. ज्या तपमानाला ठिणगी पडताच भडका उडेल इतकी वाफ सुटते, त्याला फ्लॅश पॉइंट म्हणतात. ॲसिटोनचा उणे 20 च्या आसपास, टोल्यूइनचा 4, शुद्ध अल्कोहोलचा 13. 1934 च्या पेट्रोलियम कायद्यात याच आकड्यावरून वर्ग पाडले आहेत. 23 अंशांखाली ‘अ’, 23 ते 65 ‘ब’ आणि 65 ते 93 ‘क’.

मुंबईत दिवसा पारा 23 च्या खाली क्वचितच उतरतो. म्हणजे ‘अ’ वर्गाचा डबा बारा महिने पेटायला तयारच. ‘ब’ आहे म्हणूनही निर्धास्त राहू नका. रॉकेलचा फ्लॅश पॉइंट 35 च्या वर असतो. पण वैशाखात पत्र्याखाली 40-45 अंश झाले, की 35-40 चा मालही ‘अ’ सारखाच वागतो.

आता आकड्यांचा घोळ पाहा. मालासोबतच्या सुरक्षा पत्रकात राष्ट्रसंघाच्या पद्धतीने 1 ते 4 श्रेणी असते. तिथे 1 सर्वांत घातक. काही ड्रमांवर चार रंगांचा अमेरिकी चौकोन असतो. त्याच्या तांबड्या घरात 0 ते 4 आकडे, पण तिथे 4 सर्वांत घातक! ॲसिटोनला पहिल्यात 2, दुसऱ्यात 3. माल तोच, मोजमाप उलटे. तेव्हा आकडा कुठल्या पद्धतीचा, हे आधी विचारावे.

ही वाफ हवेपेक्षा जड. सरीतून पाणी जावे तशी जमिनीलगत सरकते आणि लांबच्या शेगडीवर पेटून उलट डब्यापर्यंत येते. टोल्यूइनच्या आगीवर पाणी ओतले तर ते पाण्यावर तरंगत पसरते. तिथे कोरडी पावडर किंवा फेस हवा; अल्कोहोलला तर त्याच्यासाठीचा खास फेस लागतो, साधा विरून जातो.

हे फक्त मुंबईचे नाही. आपल्या पुष्कळ ई.सी. औषधांत झायलिनसारखे सॉल्व्हंट असते. ती चुलीपासून लांब ठेवा, औषध कालवताना बिडी पेटवू नका. आणि साकीनाक्याच्या मुलाला पुढच्या फोनवर एवढे विचारा : तुझ्या गाळ्यातल्या ड्रमावर काय लिहिलंय रे?