डोळ्यांना सोपी, बोटांना अवघड

दुबईतल्या देरा भागात, अल रिग्गाच्या एखाद्या फार्मसीतून युरोपात तयार झालेले औषध घेतले, की खोक्यावर बारीक ठिपक्यांची ओळ हाताला लागते. हे औषधाचे नाव. ते ब्रेल या अंधांच्या स्पर्शलिपीत उमटवण्याचा नियम युरोपीय संघाने 2004 मध्ये केला. असेच ठिपके लिफ्टच्या बटणांवर असतात, 50 दिरहमच्या नव्या पॉलिमर नोटेवरही असतात. ब्रेल वाचण्याचा माझा सराव याच सामग्रीवर चालतो.

डोळ्यांनी शिकायची तर ही लिपी म्हणजे निव्वळ पाठांतर. एका घरात सहा ठिपके: डावीकडे वरून खाली 1, 2, 3 आणि उजवीकडे 4, 5, 6. एकटा 1 म्हणजे अ, 1-2 म्हणजे ब, 1-3 म्हणजे क. ‘कि’ लिहिताना आधी क, मग अख्खी इ. वेलांटी अक्षराच्या अलीकडे जात नाही. ‘देरा’ चार घरांत बसते: द, ए, र, आ. पहिल्या दोन घरांआधी अंकचिन्ह आले, की त्यांचेच 45 होतात.

देरातल्या मराठी माणसाला आणखी एक सोय आहे. पाटी अरबी असो वा इंग्रजी, ब, म, ल, न यांचे ठिपके मराठीतलेच. 1951 च्या सुमारास युनेस्कोच्या पुढाकाराने वेगवेगळ्या भाषांतल्या सारख्या उच्चारांना सारखे ठिपके देण्याचे धोरण ठरले, त्याचे हे फळ. छापील अरबी उजवीकडून वाचतात. अरबी ब्रेल मात्र डावीकडून.

डोळे मिटले, की सगळी हुशारी संपते. दोन ठिपक्यांत अंतर जेमतेम अडीच मिलिमीटर, उंची अर्धा मिलिमीटर. द, ह आणि ज हे तिन्ही तीन ठिपक्यांचे कोपरे, फक्त तोंडे वेगळी. डोळ्यांना फरक लगेच कळतो. बोटाला तिन्ही एकच खडबडीतपणा वाटतात. नवशिका जोर लावून एकाच जागी चाचपतो, आणि तिथेच चुकतो. दाबले की बोट बधिरते. हलक्या हाताने डावीकडून उजवीकडे सरकत राहिले, तर आकार उमटतो. सरावलेले वाचक दोन्ही हात वापरतात; एक ओळ संपेपर्यंत दुसरा हात पुढची ओळ शोधून ठेवतो.

डोळस माणसाला तिथवर पोचलेच पाहिजे असे नाही. ‘स्पर्शज्ञान’ हे मराठी ब्रेल पाक्षिक 2008 मध्ये सुरू करणारे पत्रकार स्वागत थोरात डोळसच आहेत. मुलाचा गृहपाठ तपासायला, डब्यावर ‘मीठ’ लिहून चिकटवायला, औषधाची खात्री करायला डोळ्यांनी वाचता आले तरी भागते. घरात किंवा शेजारी कुणी ब्रेल वाचत असेल, तर एवढी लिपी जरूर शिकून घ्या. ब्रेल लिहायची पाटी आणि टोचणी घेऊन लिहायला बसाल तेव्हा मात्र उजवीकडून सुरुवात करा. ठिपके कागदाच्या मागच्या बाजूला उठतात.