आतला आवाज की आतली भीती?

काळजी ही आपल्या मध्यमवर्गीय संसारातील कायमची भाडेकरू. भाडे देत नाही, जागा सोडत नाही आणि रात्री सगळे निजले की हिची आदळआपट सुरू होते! “काळजी करू नकोस” असे सांगणारे पुष्कळ भेटतात. पण ती न करणे कसे साधावे, हे सांगणारा विरळा.

आमची मुलगी रोज डोंबिवलीहून लोकलने कामाला जाते. आठ वाजून गेले आणि तिचा फोन लागला नाही की माझ्या छातीत धडधड सुरू. “माझे मन मला सांगते आहे,” असे आपण बायका मोठ्या विश्वासाने म्हणतो. एखादे वेळी ते खरे ठरते. तेवढे आपण जन्मभर सांगतो. खोटे ठरलेले मात्र मुलगी दारात दिसताच विसरतो.

दूध, वाणी, इस्त्री यांचा हिशेब मी लग्नापासून लिहीत आले. मग मनाचाच हिशेब का नको? एका जुन्या वहीत दोन रकाने आखले. डावीकडे मनाने काय सांगितले ते, वेळेसह. उजवीकडे प्रत्यक्षात काय घडले ते. दोन महिन्यांनी उजवा रकाना वाचताना मला हसू आले. गाडी उशिरा आली, फोनची बॅटरी संपली, मैत्रीण भेटली. पुन्हा गाडी उशिरा!

एक नोंद मात्र निराळी होती. “ह्यांना डॉक्टरांकडे न्यावे.” एवढेच. ती लिहिताना ना धडधड होती, ना डोळ्यांसमोर भलतेसलते चित्र. असे का वाटले म्हणून शांतपणे आठवू लागले, तेव्हा ध्यानात आले, की आठवडाभर हे दुसऱ्या मजल्यावर थांबत होते. कधी चप्पल नीट करायला, कधी पिशवी दुसऱ्या हातात घ्यायला. तपासणीत हृदयाची एक रक्तवाहिनी बरीच अरुंद झालेली आढळली. वेळीच उपचार झाले. आज हे तिन्ही मजले न थांबता चढतात.

यात चमत्कार काही नाही. गॅरी क्लाइन यांनी आगीच्या बंबावरील अधिकारी क्षणार्धात निर्णय कसे घेतात, याचा अभ्यास केला. पुढे २००९ मध्ये त्यांनी आणि डॅनिएल कानेमन यांनी मिळून एक निबंध लिहिला. त्याचा सारांश असा, की अंतर्मनाचा कौल म्हणजे पूर्वी अनेकदा पाहिलेल्या खुणांची ओळख. जिथे गोष्टी ठरावीक रीतीने घडतात आणि आपला अंदाज बरोबर की चूक हे लवकर कळते, तिथेच त्याचा भरवसा. ह्यांना जिना चढताना मी अठ्ठावीस वर्षे पाहते आहे. पण रुळांवर कुठे काय झाले, हे मला स्वयंपाकघरात बसून कसे कळणार?

माझ्या अनुभवाने सांगते, भीती ओरडते, तेच तेच बोलते आणि “काय होईल?” एवढेच विचारते. आतला आवाज एकदाच, हळू बोलतो आणि एखादे छोटेसे काम सुचवतो. हा काही नियम नव्हे. प्रकृतीची शंका आली, तर आवाज कोणताही असो, तपासून घ्यावेच.

पण हा फरक ऐकू यायला आधी घरातला गलका थांबला पाहिजे. हार्वर्डचे हृदयतज्ज्ञ हर्बर्ट बेन्सन यांनी १९७५ च्या आपल्या पुस्तकात सोपी रीत दिली आहे. स्वस्थ बसावे, डोळे मिटावे आणि प्रत्येक उच्छ्वासाबरोबर एखादा शब्द मनात म्हणावा. दहा ते वीस मिनिटांत श्वास आणि नाडी संथ होतात. मी सकाळच्या चहाआधी पाटावर बसते. मन मधेच वाण्याकडे जाते. रागावू नये, बोट धरून परत आणावे. समर्थांनीही २०५ श्लोक मनालाच उद्देशून लिहिले. ते एका हाकेत ऐकणारे असते, तर इतके कशाला लागले असते?

दुसरा उपाय थॉमस बोर्कोवेक यांचा, १९८३ चा. काळजीसाठी रोज अर्धा तास ठरवून ठेवावा आणि एरवी ती आली तर “तुझ्या वेळेला ये” म्हणावे. माझी वेळ साडेपाचची. तोवर निम्म्या काळज्या शिळ्या झालेल्या असतात.

मात्र झोप, भूक आणि काम यांवर परिणाम होऊ लागला आणि आठवडे उलटले तरी काळजी हटेना, तर वही पुरत नाही, डॉक्टरांनाच गाठावे. २०२२ पासून ‘टेलि-मानस’ची १४४१६ ही विनामूल्य दूरध्वनी सेवाही आहे. त्यात कमीपणा कसला?

दिवाळीत व्यापारी नवी वही पूजतात. यंदा त्यांच्याबरोबर आपणही एक वही घ्यावी, दोन रकान्यांची. जमेकडे काय येते ते पुढच्या दिवाळीपर्यंत आपले आपल्यालाच कळेल.