आंतरराष्ट्रीय संबंधांत एम.ए. : आपल्या विद्यार्थ्यांनी हा मार्ग का धरावा?

पदवी झाली की आपल्या घरांतील पुढची चर्चा ठरलेली असते : एमपीएससी, बी.एड., बँकेची परीक्षा किंवा आयटी. आंतरराष्ट्रीय संबंध या विषयात एम.ए. करता येते, हे अनेक विद्यार्थ्यांना माहीतच नसते. माहीत असले तरी "परदेशाच्या राजकारणाशी आपला काय संबंध?" असा प्रश्न येतो. हा संबंध जुना आणि थेट आहे.

१९४६ मध्ये अमेरिकेतील कृष्णवर्णीयांनी आपल्यावरील अन्यायाची याचिका संयुक्त राष्ट्रांकडे दिली. ती बातमी वाचून बाबासाहेबांनी डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस या कृष्णवर्णीय विचारवंतांना पत्र लिहून याचिकेच्या प्रती मागवल्या. भारतातील अस्पृश्यही त्याच वाटेने जाण्याचा विचार करीत आहेत, असे त्यांनी कळवले होते. १९५१ मध्ये मंत्रिपदाचा राजीनामा देताना सांगितलेल्या कारणांत त्यांनी देशाच्या परराष्ट्र धोरणाचाही समावेश केला होता.

पुढे २००१ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील डर्बन येथे वंशभेदविरोधी जागतिक परिषद झाली. जात म्हणजे वंश नव्हे, अशी भूमिका घेऊन भारत सरकारने जातीचा उल्लेख होऊ देण्यास विरोध केला आणि अंतिम जाहीरनाम्यात जात आली नाही. मात्र २००२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या वंशभेद निर्मूलन समितीने स्पष्ट केले की, १९६५ च्या करारात जन्मकुळावरून होणाऱ्या भेदभावाचा जो उल्लेख आहे, त्यात जातिभेदही येतो. एका शब्दाचा अर्थ लावण्यावर एवढे अवलंबून असते. २०२३ मध्ये अमेरिकेत सिएटल शहराने जातिभेदावर बंदी घातली. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने मंजूर केलेले असेच विधेयक गव्हर्नरांनी नाकारले. असे निर्णय होतात तेथे कराराची भाषा जाणणारी आपली माणसे हवीत.

या अभ्यासक्रमात आंतरराष्ट्रीय कायदा, संयुक्त राष्ट्रांचे कामकाज, मानवी हक्क, जागतिक व्यापार, सुरक्षा आणि एखाद्या प्रदेशाचा सखोल अभ्यास असतो. कोणत्याही शाखेचा पदवीधर बहुतेक ठिकाणी अर्ज करू शकतो.

भारतात जेएनयूचे स्कूल ऑफ इंटरनॅशनल स्टडीज हे या विषयाचे प्रमुख केंद्र आहे. १९५५ मध्ये सुरू झालेली ही संस्था १९७० मध्ये जेएनयूत सामील झाली. तेथील फी इतर ठिकाणांच्या तुलनेत फार कमी आहे. कोलकात्याचे जादवपूर विद्यापीठ आणि दिल्लीचे साउथ एशियन युनिव्हर्सिटी येथेही हा विषय आहे. पुणे विद्यापीठाच्या संरक्षण व सामरिकशास्त्र विभागात याच्या जवळचे शिक्षण मिळते. परदेशात लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स, जिनिव्हाची ग्रॅज्युएट इन्स्टिट्यूट आणि कोलंबिया विद्यापीठाचे सिपा ही नावाजलेली ठिकाणे आहेत. ब्रिटनमध्ये एम.ए. बहुधा एका वर्षाचे, तर अमेरिकेत दोन वर्षांचे असते.

खरी अडचण पैशाची. सिपाची फीच वर्षाला ५० हजार डॉलरच्या वर जाते. यासाठी दोन सरकारी योजना आहेत : राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती, जी अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी आहे, आणि केंद्राची नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिप. उत्पन्न, गुण व विद्यापीठाच्या क्रमवारीच्या अटी बदलत असतात, म्हणून त्या वर्षीची जाहिरातच वाचावी. १९९० च्या दुरुस्तीमुळे बौद्धांनाही केंद्रात अनुसूचित जातीच्या सवलती मिळतात. पण जातीचे प्रमाणपत्र केंद्राच्या नमुन्यात आहे का, हे आधीच तपासावे. आणखी एक गोष्ट : २०२२ मध्ये केंद्राने भारतीय संस्कृती, इतिहास व समाजाशी संबंधित विषय या योजनेतून वगळले. म्हणजे जातीवर परदेशात संशोधन करायचे, तर ज्यांनी जात भोगली त्यांच्याच मुलांची वाट अडते. याविरुद्ध समाजाने बोलत राहिले पाहिजे.

दोन गैरसमज दूर करायला हवेत. या पदवीने कोणी थेट राजदूत होत नाही. परराष्ट्र सेवेची निवड यूपीएससीतूनच होते आणि तिला कोणतीही पदवी चालते. तसेच संयुक्त राष्ट्रांच्या सचिवालयातील इंटर्नशिप बिनपगारी असते. जिनिव्हा किंवा न्यूयॉर्कमधील घरभाडे ज्याच्या घरून येते, त्यालाच ती परवडते. म्हणून मानवी हक्क संस्था, संशोधन केंद्रे, पत्रकारिता आणि अध्यापन या वाटाही आधीपासून डोळ्यांसमोर ठेवाव्यात.

तयारी पदवीच्या दुसऱ्या वर्षापासूनच करावी. रोज एक इंग्रजी वृत्तपत्र, एक परकीय भाषा आणि महिन्याला स्वतः लिहिलेला एक निबंध एवढ्याने सुरुवात होते. आपल्या विहारांतील अभ्यासिकांमध्ये एमपीएससीच्या पुस्तकांशेजारी आंतरराष्ट्रीय कायद्याचे एक पुस्तक ठेवले, तरी ते कोणाच्या तरी हाती लागेल.